पाटबंधाऱ्यांची पाखरे

नांदूर मध्यमेश्वर हे नाव महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत वर्षातून दोनदा हमखास येते. श्रावण-भाद्रपदात ते विसर्गाच्या बातमीत असते. गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सोडले, बंधाऱ्यातून अमुक हजार क्युसेक जायकवाडीकडे निघाले, सायखेडा-चांदोरीत पाणी शिरले, अशी ती बातमी. दिवाळीच्या आसपास तेच नाव रंगीत पुरवणीत येते आणि सोबत ‘परदेशी पाहुणे दाखल’ हा ठरलेला मथळा. पहिल्या बातमीला पाटबंधारे खात्याचा हवाला असतो, दुसरीला वन खात्याचा. वाचणारा या दोन बातम्या एकमेकींना जोडत नाही आणि त्याचा दोष त्याला देता येणार नाही, कारण पक्षिनिरीक्षणावर मराठीत जे लिहिले जाते त्यातही बंधारा फक्त पत्ता सांगण्यापुरता येतो. माझे म्हणणे असे की शरदात पाणपक्षी पाहायला जाण्याची आपल्याकडची रीत समजून घ्यायची तर विसर्गाची बातमी आधी वाचायला हवी. दख्खनच्या पठारावरची पाणथळ ही बहुतांशी पाटबंधाऱ्यांच्या हिशेबात कधीच न धरलेली मिळकत आहे. ती कशी हाती आली हे विसरल्यामुळे ती राखायची कशी याबद्दलचे आपले कायदे आणि आपल्या समजुती दोन्ही फसत चालल्या आहेत.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे १९०७ ते १९१३ या काळात हा दगडी बंधारा उभा राहिला. त्याच्यामागे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे तीन दुष्काळ होते : १८७६-७८चा, १८९६-९७चा आणि त्याच्या पाठोपाठ १८९९-१९००चा. इगतपुरीला पाऊस अक्षरशः कोसळतो आणि तिथून पूर्वेला उतरले की सिन्नर, येवला, कोपरगाव या पट्ट्यात बाजरी पिकेल की नाही याची धास्ती असते. १९०१ साली नेमलेल्या सिंचन आयोगाने १९०३मध्ये अहवाल दिला, त्यात मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी दख्खनसाठी संरक्षक कालव्यांची शिफारस होती. पाणीपट्टीतून गुंतवणुकीचे व्याज सुटणार नाही, पण दर दुष्काळात खडी फोडण्याच्या कामांवर आणि अन्नछत्रांवर होणारा खर्च वाचेल, असा तो हिशेब. गोदावरीचे कालवे त्यातूनच आले. योजना दोन टप्प्यांची होती. पावसाचे पाणी वर, घाटाच्या बाजूला दारणा नदीवरच्या धरणात साठवायचे. इंग्रजी दफ्तरात त्या जलाशयाला लेक बील म्हणत. मग लागेल तसे ते नदीच्या पात्रातूनच खाली आणायचे आणि नांदूर मध्यमेश्वरला अडवून डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचे. पुढे त्या पाण्यावर बाजरीऐवजी ऊस उभा राहिला, हा दख्खनच्या सगळ्याच जुन्या कालव्यांचा परिचित इतिहास आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. बदकांवर त्या मानाने फार थोडे.

इथे बंधाऱ्याच्या कामाची पद्धत नीट पाहावी लागते. साठवणीचे धरण उंच असते. त्याच्यामागचे पाणी खोल, काठ उभे, आणि वर्षभरात पातळी कित्येक मीटर खालीवर होते. वळवणीचा बंधारा बुटका असतो. पण त्याच्यामागचे पाणी कालव्याच्या मुखापर्यंत टेकलेले ठेवावे लागते, नाहीतर कालव्यात पाणी चढतच नाही. म्हणजे इतर नद्यांचे पात्र माघ-फाल्गुनात वाळूचे होत असताना इथला फुगवटा भरलेला राहतो, आणि सपाट मुलखात असल्याने तो खोल न होता पसरतो. गोदावरी आणि कादवा दोन्ही पावसाळ्यात गढूळ वाहणाऱ्या, काळ्या मातीतून येणाऱ्या नद्या. फुगवट्यात वेग मंदावला की त्यांचा गाळ खाली बसतो. शंभर वर्षे तो बसतो आहे. त्याची बेटे झाली, बेटांवर लव्हाळे आणि पाणकणीस माजले, बेटांच्या मधे गुडघाभर पाण्याची डबकी राहिली. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने हे बंधाऱ्याचे म्हातारपण आहे, कारण गाळ भरला की तेवढे पाणी कमी मावते. बदकांच्या दृष्टीने मात्र बंधारा गाळाने भरत गेला तसतसा कामाचा झाला.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुगवट्याच्या काठच्या चापडगावच्या बाजूने पाहिले तर हे डोळ्यांनी दिसते. थापट्या हे बदक पोहताना मान खाली घालून आपली फावड्यासारखी चोच पाण्याच्या पृष्ठभागावर डावी-उजवीकडे फिरवत जाते. चोचीच्या कडांना बारीक दातेरी झालर असते, तिच्यातून पाणी गाळून निघते आणि कीटक, बिया आत राहतात. एकामागे दुसरे, दुसऱ्यामागे तिसरे असे ते गोल फिरतात, म्हणजे पुढच्याने ढवळलेले मागच्याला मिळते. तलवार बदक शेपटी वर करून उलटे होते आणि लांब मानेने तळाचा चिखल चाचपते. त्याची पोच हातभर. चक्रांग त्याहून लहान, तो काठच्या चिखलातच चोच घालून चालतो. शेकाट्या आणि तुतारी यांना तर पायाच्या उंचीपेक्षा जास्त पाणी चालतच नाही. या सगळ्यांची गरज एकच : तळ चोचीच्या टप्प्यात हवा. मोठ्या धरणाच्या मधोमध त्यांना काही मिळत नाही. तिथे बुडी मारणारी लालसरी किंवा पाणकावळे दिसतील. म्हणून भीमेवरचे उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झाल्यावर भिगवणला पाखरे आली, पण त्यांची तऱ्हा वेगळी. शरदात उजनी तुडुंब असते, पाणी जसजसे उसासाठी आणि सोलापूरसाठी खाली जाते तसतशी चिखलाची मैदाने उघडी पडतात, आणि रोहितांचे मोठे थवे हिवाळा कलल्यावर ते चिखल धुंडाळतात. एकाच राज्यात दोन पाणथळींचे हंगाम वेगळे आहेत, ते ऋतूमुळे कमी आणि पाणीवाटपाच्या वेळापत्रकामुळे जास्त.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. बंधारे नव्हते तेव्हा काय पाखरे येत नव्हती? येत होती, यात शंका नाही. कर्नल साइक्स याने १८३२मध्ये दख्खनमधल्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्रीय सभेपुढे मांडली, त्यात पाणपक्षीही आहेत. आज ज्या ढोकरीला आपण प्रत्येक डबक्याच्या काठी पाहतो तिला शास्त्रीय नाव मिळाले ते साइक्सच्याच त्या नोंदीवरून. बार्न्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८८५मध्ये मुंबई इलाख्याच्या पक्ष्यांवर हस्तपुस्तिका लिहिली, तीत हिवाळी बदकांची नोंद भरपूर आहे. चक्रवाक आणि क्रौंच तर संस्कृत काव्यापासून आपल्या ओळखीचे. पण पाखरे येणे आणि एका जागी हजारोंनी थांबणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दख्खनच्या नद्या हिवाळ्यात डोहांपुरत्या उरतात. अशा प्रदेशात बदके चार-दोन डोह, दोन गावतळी, एखादा बांध अशी विखुरलेली राहतात, आणि साइक्ससारख्या माणसाला ती पाहायला मजल-दरमजल करावी लागते. नांदूर मध्यमेश्वरने केले ते एवढेच की विखुरलेल्याला एक ठिकाण दिले. पक्षिनिरीक्षण ही रीत म्हणून रुजायला नेमके तेच लागते : ठरलेली जागा, ठरलेला महिना, आणि सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल एवढे अंतर.

या आक्षेपाची दुसरी बाजू अशी की, बंधाऱ्यांच्या आधीच्या ‘नैसर्गिक’ पाणथळींची आपण जी उदाहरणे देतो तीही तपासली की माणसाच्या हाताची निघतात. विदर्भातला नवेगावबांध हा अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळीने बांधल्याची परंपरा आहे. भंडारा-गोंदियाच्या मुलखात कोहळी समाजाने भातशेतीसाठी तलावांवर तलाव बांधले. आज सरकारी भाषेत ते माजी मालगुजारी आणि लोकांच्या तोंडी मामा तलाव. महाराष्ट्रात सारस उरला तो याच तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधाराने. सोलापूरजवळचा हिप्परगा तलाव आणि साताऱ्याच्या माणदेशातला मायणीचा तलाव हेही इंग्रज अमदानीतले सिंचन तलाव, आणि दोन्ही पक्षिप्रेमींच्या यादीत आहेत. खरोखर नैसर्गिक म्हणावे असे पठारावर लोणारचे सरोवर आहे, आणि त्याच्या खारट पाण्यात बदकांची रुची मर्यादित. ठाण्याच्या खाडीतला चिखल भरती-ओहोटीने केलेला, पण तिथेही रोहितांची गर्दी १९९०नंतरची, म्हणजे खाडीत शहराचे सांडपाणी मुरल्यावरची. हे सगळे सांगण्याचा हेतू धरणांचे गोडवे गाण्याचा नाही. बंधाऱ्यांनी वाळूची बेटे बुडवली, त्यांच्यावर अंडी घालणाऱ्या नदी सुरयांची जागा गेली, माशांच्या वाटा तुटल्या. त्या नुकसानाची भरपाई बदकांनी होत नाही. पण नुकसान झाले म्हणून जे निर्माण झाले ते नाकारता येत नाही.

मग पाहण्याची रीत आली कुठून? त्याचे प्रचलित उत्तर बंदुकीपाशी जाते, आणि त्यात तथ्य आहे. ह्यूम आणि मार्शल यांचा भारताच्या शिकारी पक्ष्यांवरचा तीन खंडांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात निघाला. हाच तो ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, ज्याच्या पुढाकाराने १८८५मध्ये मुंबईत काँग्रेस भरली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी स्थापली, त्यातले दोघे आपले : प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. सोसायटीच्या नियतकालिकात बदकांवर ज्याने लेखमाला लिहिली तो स्टुअर्ट बेकर. १९०८मध्ये तिचे पुस्तक झाले आणि ते शिकाऱ्यांच्या खोगिरात जाऊन बसले. स्थलांतराचा अभ्याससुद्धा बंदुकीवर उभा होता. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात धार संस्थानाने, म्हणजे पवारांच्या मराठा संस्थानाने, सोसायटीच्या सोबतीने बदकांच्या पायात कडी घालण्याचे काम सुरू केले. ती कडी परत कशी येत? कोणी बदक मारले आणि कडीवरचा पत्ता वाचून कळवले तर. मध्य आशिया आणि सायबेरिया यांच्याशी माळव्याच्या तळ्यांचे नाते कागदावर येऊ लागले ते मेलेल्या पाखरांच्या पायांवरून.

कायद्यानेही या कामात शिकाऱ्याला साथ दिली. १८८७चा वन्य पक्षी संरक्षण कायदा विणीच्या हंगामापुरता होता आणि १९१२च्या कायद्यात बदकांचा समावेश असला तरी बंदी ‘बंद हंगामा’पुरतीच. आपल्याकडे हिवाळ्यात येणारी बहुतेक बदके वीण करतात ती हजारो मैलांवर उत्तरेला. त्यांना विणीच्या हंगामाचे संरक्षण देणे म्हणजे ती इथे नसताना त्यांना न मारण्याचे वचन देणे होते. शरद हा त्यांच्या येण्याचा हंगाम आणि तोच नेमबाजांचाही. आज दुर्बिणी बाहेर निघतात त्याच महिन्यांत पूर्वी काडतुसे निघत, आणि पहाटे अंधारात जाऊन दडून बसण्याची पद्धतही तीच राहिली.

यातूनच एक दावा नेहमी केला जातो की शिकाऱ्यांनी पाणथळ राखली, ते नसते तर पाहायला काही उरले नसते. भरतपूर हे त्याचे आवडते उदाहरण. अठराव्या शतकात सूरजमलच्या काळी अजान बांध घातला गेला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे पाणी घना नावाच्या सखल जागेत कालव्यांनी आणि दारांनी फिरवण्यात आले, आणि १९०२पासून व्हाइसरॉयपर्यंतचे पाहुणे तिथे बदके मारायला येऊ लागले. दगडी फलकांवर तारीख, पाहुणा आणि मारलेल्या पाखरांचा आकडा कोरलेला आहे. सर्वांत मोठा आकडा ४,२७३. तो १२ नोव्हेंबर १९३८चा, लॉर्ड लिनलिथगो पाहुणे असतानाचा. त्या दिवशी सलीम अलींना बेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. आज महाराष्ट्र ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत. त्याची शेवटची तारीख भरतपूरच्या दगडावरही आहे हे ठाऊक असलेले बरे. शिकाऱ्यांनी भरतपूरला काय राखले याचे उत्तर त्या फलकांवरूनच मिळते : त्यांनी पाणी राखले. दारे दुरुस्त ठेवली, पातळी सांभाळली, दुसऱ्या कोणाला ते पाणी वळवू दिले नाही. पाखरे त्या पाण्याची परिणती होती. दावा निम्मा खरा आहे तो या अर्थाने. पण पठारावरच्या आपल्या पाणथळींना तो लागू पडत नाही, कारण इथे पाणी राखले ते कुठल्या राजाने नव्हे. इथे ते राखले कालव्याच्या चौकीदाराने, आणि तेही उसासाठी. महाराष्ट्राचा पक्षिनिरीक्षक स्वतःला शिकाऱ्याचा वारस म्हणवतो तेव्हा तो उसने मोठेपण घेत असतो.

भरतपूरची पुढची कहाणी तर या लेखाच्या मुद्द्याला जास्तच धरून आहे. १९५६मध्ये तिथे अभयारण्य झाले, राजघराण्याचा शिकारीचा हक्क १९७२पर्यंत चालला, १९८१मध्ये रामसर यादीत नाव आले आणि १९८२मध्ये राष्ट्रीय उद्यान. राष्ट्रीय उद्यान म्हटल्यावर कायद्याने चराई बंद झाली. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत होत्या. त्या वर्षी नोव्हेंबरात झालेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात गावकरी मेले. बंदीमागची धारणा साधी होती : माणूस आणि गुरे दूर गेली की निसर्ग फुलेल. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८०च्या दशकात तिथे दीर्घ अभ्यास केला आणि निष्कर्ष उलटा निघाला. म्हशी जे गवत खात होत्या ते पाण्यावर इतके माजले की मोकळे पाणी आटले आणि कित्येक पाणपक्ष्यांना जागा कमी पडू लागली. त्यानंतरच्या काळात गंभीर नदीवरच्या पांचना धरणाच्या पाण्यावरून तंटा झाला आणि या शतकाच्या पहिल्या दशकात उद्यान कित्येकदा कोरडे राहिले. सायबेरियन क्रौंच तिथे शेवटचा दिसला २००२मध्ये. त्याच्या जाण्याची कारणे भरतपूरबाहेर, त्याच्या उड्डाणमार्गावरही होती. कुंपण पक्के होते, पहारा होता, जगभर नाव होते. नव्हते ते वरून येणारे पाणी.

नांदूर मध्यमेश्वरला सलीम अलींनी महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे सांगतात. १९८६मध्ये ते अभयारण्य झाले, आणि त्याच वर्षी जायकवाडीचा नाथसागरही. २०२०च्या जानेवारीत नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. म्हणजे बंधारा बांधल्यापासून वन खात्याची पाटी लागेपर्यंत सत्तरहून अधिक वर्षे गेली. या मधल्या काळात तिथली पाणथळ कोणी ‘संवर्धित’ केली नव्हती. ती बंधाऱ्याच्या रोजच्या कामातून होत होती, आणि काठाच्या गावांचे मासेमार, गुराखी, गाळपेर करणारे शेतकरी यांच्या वावरातून. भिगवणची रीत तर त्याहून तरुण. तिथे पक्षी दाखवायला नाव काढतो तो मासेमार आहे, आणि पुष्कळदा धरणात गाव बुडालेल्यांपैकी. त्याला कोणता थवा कुठल्या वाऱ्याला कुठे बसतो हे जाळे टाकता टाकता कळलेले असते. पक्षिनिरीक्षणाच्या आपल्या इतिहासात या माणसाला स्टुअर्ट बेकरच्या बरोबरीने जागा हवी, पण त्याने लिहिले नाही म्हणून ती मिळालेली नाही.

कायद्याच्या बाबतीत विस्मरण महागात पडते. रामसर कराराने १९७१मध्ये पाणथळीची व्याख्या केली तेव्हा नैसर्गिक किंवा कृत्रिम, कायम किंवा हंगामी असा भेद मुद्दाम मोडून काढला. आपल्या केंद्र सरकारच्या २०१७च्या पाणथळ नियमांत मात्र नदीचे पात्र, भातखाचरे, आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचन, मत्स्यपालन, मिठागरे, करमणूक यांसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय व्याख्येबाहेर ठेवले आहेत. नांदूर मध्यमेश्वर रामसर यादीत आणि अभयारण्यातही असल्याने त्याला कायद्याचे संरक्षण आहे. पण त्याच्याच जातीचे बाकीचे सिंचन तलाव, उजनीपासून विदर्भातल्या मामा तलावांपर्यंत, त्या व्याख्येत बसत नाहीत. दख्खनमध्ये सिंचनासाठी बांधलेले वगळले तर उरते काय? नियम करणाऱ्यांची अडचण समजू शकते. प्रत्येक तलावावर निर्बंध आले तर पाणी उपसायलाही परवानगी लागेल, ही भीती खोटी नाही. पण त्या भीतीवरचा उपाय म्हणजे वापर आणि पातळी यांचे नियम करणे. पाणथळच नाही असे म्हणणे हा उपाय नव्हे. मूळ अडचण ही की ‘खरे’ निसर्गस्थळ माणसाच्या हाताविना झालेले असते ही कल्पना नियमांत शिरली आहे, आणि तीच कल्पना भरतपूरच्या म्हशी हाकलतानाही होती.

सर्वांत वजनदार आक्षेप सायखेडा-चांदोरीकडून येतो, आणि तो पक्षिप्रेमींनी गंभीरपणे ऐकलेला नाही. गोदावरीला पूर आला की बंधाऱ्याच्या फुगवट्यामुळे पाणी मागे तुंबते आणि गावांत शिरते. २०१६ आणि २०१९च्या पुरांत तेच झाले. लोक म्हणतात गाळ काढा. पक्षिप्रेमी म्हणतात गाळ हीच पाणथळ आहे. दोघेही खरे बोलत आहेत. त्यात नाशिक शहराचे सांडपाणी वरून येते, त्यावर जलपर्णी पोसते, ती पुरात वाहत येऊन दारांपाशी अडते आणि तुंबारा वाढवते. म्हणजे तिसरा भागीदार या वादात दिसतच नाही. बंधारा माणसाने बांधला हे मान्य केले की हा तंटा धर्मयुद्धासारखा राहत नाही. गोदावरीच्या मुख्य प्रवाहातला गाळ काढून पुराची वाट मोकळी करता येईल आणि चापडगावच्या बाजूची उथळ डबकी, बेटे जशीच्या तशी सोडता येतील. कुठे किती खोदायचे हे अभियंता आणि पक्षितज्ज्ञ यांनी एकाच नकाशावर आखायचे काम आहे. गाळाला हात लावू नका असे सांगणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की गाळ भरत भरत शेवटी डबकीही बुजतात, त्यांचे रान होते आणि थापट्याला तिथे पोहायला जागा उरत नाही. आत्ताची पाणथळ ही शंभर वर्षांच्या भरण्यातली एक अवस्था आहे. ती जशी आहे तशी ठेवायची म्हटले तरी मधूनमधून खोदावेच लागेल.

आणि पाण्याचे काय? महाराष्ट्रात धरणांतल्या साठ्याचा हिशेब १५ ऑक्टोबरला मांडला जातो. २०१३च्या मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४मध्ये जो आदेश दिला त्याप्रमाणे त्या दिवशी जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर नाशिक-नगरच्या धरणांनी खाली पाणी द्यायचे. २०१५, २०१८ आणि २०२३ या वर्षी असे पाणी सोडले गेले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि गोदावरीतून गेलेले पाणी नांदूर मध्यमेश्वरच्या दारांतून गेले, तेही ऐन पाखरांच्या हंगामात. त्याच सुमारास कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत रब्बीची आवर्तने किती आणि कधी हे ठरते. बदकांना लागणारे पाणी कालव्यांच्या मागणीच्या मानाने किरकोळ आहे, कारण ती ते संपवत नाहीत की वळवून नेत नाहीत. त्यांना ते फक्त ठरावीक पातळीवर उभे हवे आहे. अभयारण्याच्या अधिकाऱ्याने त्या बैठकीत जाऊन कार्तिकापासून माघापर्यंत बंधाऱ्याच्या मागची किमान पातळी मीटरमध्ये मागावी, विसर्ग करायचाच तर तो दोन दिवसांत न ओतता हळूहळू करावा असे लेखी द्यावे, आणि मागणी नाकारली गेली तर नाकारल्याची नोंद इतिवृत्तात घालून घ्यावी.